कोकणात स्केचबुक भरताना आधी तिथी बघा

खाडीकाठी चित्र काढायला निघण्याआधी भिंतीवरची दिनदर्शिका बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अष्टमीला भरती सकाळी-संध्याकाळी सहाला, म्हणून भर दुपारी होड्या चिखलात एका कुशीवर कललेल्या सापडतात. ओहोटीच्या तासभर आधी बसलात तर दोनेक तास होडी जागची हलत नाही. पाणी उतरत असताना तरंगती होडी काढायला घेतली की अर्ध्या तासात दोरी सैल पडते, कोन बदलतो आणि आधीच्या रेषा खोट्या ठरतात. म्हणून पानाच्या कोपऱ्यात तारीख, तिथी, वेळ आणि वारा कुठून येतोय ते आधी लिहा. वर्षभराने हाच कोपरा सगळ्यात कामाला येतो.

वही ए५ आकाराची, शिवलेल्या बांधणीची घ्या. स्पायरलची तार खाऱ्या हवेत गंजते आणि डाग पानांवर उतरतात. हलक्या जलरंगासाठी २०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) कागद चालतो, भरपूर पाणी वापरणार असाल तर ३००. सोबत २बी आणि ४बी पेन्सिली, ०.१ आणि ०.३ चं जलरोधक शाईचं पेन, गोड्या पाण्याची बाटली. समुद्राचं पाणी रंगात कालवू नका. त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि पान दमटच राहतं.

पावसाळ्यात पहिला थर लवकर वाळत नाही. घाईने दुसरा दिला की ओल्या कडा फुटून फुलकोबीसारखे डाग उठतात. जून ते सप्टेंबर एका पानाला रंगाचा एकच थर द्या, बाकीचं काम रेषेवर सोपवा. मध घातलेले रंग या हवेत चिकट राहतात. रंगपेटी ओली बंद केली की बुरशी आलीच. याउलट एप्रिल-मेमध्ये थर पसरण्याआधीच वाळतो, तेव्हा कागद आधी ओला करून घ्या आणि सावलीत बसा. उन्हात कागद इतका लखलखतो की रंग नकळत गडद लावला जातो आणि घरात चित्र काळवंडलेलं दिसतं.

तरव्याचा, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांचा, पोपटी रंग लेमन यलोमध्ये प्रशियन ब्लूच्या टोकभर स्पर्शाने येतो. आंब्याच्या जुन्या पानाला गॅम्बोज, अल्ट्रामरीन आणि थोडं बर्न्ट सिएन्ना लागतं. कोरड्या जांभ्या दगडाला नुसतं बर्न्ट सिएन्ना पुरतं. भिजलेल्या जांभ्यात थोडं अल्ट्रामरीन मिसळा.

माणसं काढायची तर हर्णे बंदरावरचा मासळीचा लिलाव किंवा जाळी विणणाऱ्यांची पडवी गाठा. आधी विचारा, “काढू का?” नकार आला तर वही मिटा. लिलावात कुणी थांबत नाही, म्हणून एका आकृतीला तीस सेकंद: डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंत एकच रेषा, मग खांदे आणि कंबर यांचा तिरकेपणा. चेहऱ्यापासून सुरुवात केली की डोकं मोठं होतं आणि पाय पानाबाहेर जातात. उभं माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतं. जाळं विणताना मात्र हात पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. एका पानावर चार-पाच अर्धवट आकृत्या मांडा आणि ती ढब परत आली की त्या-त्या आकृतीत भर घाला. भातलावणीत वाकलेल्या बाईची कंबर सर्वांत उंच आणि पाठ जवळपास आडवी असते. गुडघे फार वाकवलेत तर ती बसल्यासारखी दिसते.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. एरवी पाण्याखाली असणारा तळ आणि सुकाणू तेव्हाच नीट मोजून काढता येतं. त्या दिवसांत रोज रात्री वही पंख्याखाली पंधरा मिनिटं उभी, पानं उलगडून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलीत तर आतली ओल आतच राहते.