ब्लूगिल गरवताना: लहान तोंड, लहान गळ

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील एखाद्या तळ्याच्या धक्क्यावर उन्हाळ्यात पहिल्यांदाच गळ टाकणाऱ्याला बहुधा ब्लूगिलच लागतो. लार्जमाउथ बासच्याच कुळातला, पण हाताच्या पंजात मावणारा हा सनफिश तिथल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा पहिला मासा आहे. न्यू जर्सी किंवा मिशिगनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, विशेषतः ज्यांनी लहानपणी कोकणातल्या खाडीवर गरवले आहे त्यांना, सुट्टीची एक सकाळ घालवण्यासाठी याच्याइतका सोयीचा मासा सापडणार नाही.

आधी ओळख पटवावी. शरीर ताटलीसारखे चपटे व उंच, अंगावर पुसट उभे पट्टे, कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या भागावर निळी-जांभळी झाक, झाकणाच्या मागच्या टोकाला कानाच्या पाळीसारखा संपूर्ण काळा तुकडा, आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या बाजूला बुडाशी एक काळसर डाग, अशा खुणा असल्या की तो ब्लूगिल समजावा. त्या काळ्या पाळीच्या कडेला लाल-नारिंगी ठिपका असेल, तर तो त्याचा चुलतभाऊ पंपकिनसीड होय.

परवाना राज्य सरकारकडून ऑनलाइन मिळतो. न्यू जर्सीत सोळा वर्षांखालील आणि मिशिगनमध्ये सतरा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. त्यांच्या आईवडिलांनी स्वतः दांडी हातात धरायची ठरवली, तर मात्र लागतो. दिवसाला किती मासे ठेवता येतात हे प्रत्येक राज्यात, कधी कधी प्रत्येक तळ्यावरही, वेगळे असते, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहूनच निघावे.

नवखा माणूस हमखास चुकतो तो साहित्यात. ब्लूगिलचे तोंड इतके लहान असते की दुकानदाराने ‘सगळ्या माशांना चालतो’ म्हणून दिलेला मोठा गळ त्यात शिरतच नाही, आणि मासा आमिषाच्या कडा कुरतडून निघून जातो. गळ आठ किंवा दहा नंबरचा, बारीक तारेचा व लांब दांड्याचा घ्यावा. इथे नंबर वाढला की आकार घटतो, हे ध्यानात असू द्यावे. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, चार पाउंड ताण सोसणारा पुरतो आणि पाच-सहा फुटी हलकी दांडी पुरते. गळाच्या सुमारे सहा इंच वर एकच बारीक वजन चिमटवावे. ते शिशाऐवजी कथलाचे असलेले बरे, कारण शिशाची वजने गिळून लून हे पाणपक्षी मरतात आणि न्यू हॅम्पशरसारख्या राज्यांत लहान शिसे वापरायला बंदीच आहे. बॉबर, म्हणजे तंगुसाला अडकवलेला, पाण्यावर तरंगणारा गोळा, सुपारीपेक्षा मोठा नसावा, कारण तो ओढून नेताना माशाला जोर लावावा लागला, तर तो आमिष सोडून देतो.

आमिष म्हणून गांडूळच उत्तम, पण अख्खे लावू नये. अर्धा इंचाचा तुकडा गळावर ओवावा आणि टोक जेमतेम लोंबते ठेवावे. रातकिडे, मेणअळ्या, अगदी पावाची घट्ट मळलेली गोळीसुद्धा चालते.

पाण्याचे तापमान साधारण १९ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना, म्हणजे उत्तरेकडे मेअखेरीपासून पुढे, ब्लूगिल उथळ पाण्यात वसाहत करून घरटी घालतात. नर शेपटीने वाळू-खडी झाडून बशीसारखे खळगे करतो. काठावर उभे राहून पाहिले, तर तळाशी फिकट गोल चकत्या एकमेकींना खेटून पसरलेल्या दिसतात. भर उन्हाळ्यात मोठे मासे खोल पाण्यात सरकतात. तेव्हा शेवाळाच्या बाहेरच्या कडेला किंवा धक्क्याच्या सावलीत बॉबर वर सरकवून आमिष खोल सोडावे आणि सकाळ-संध्याकाळची वेळ साधावी.

ब्लूगिल आमिषावर झडप घालत नाही. तो अगदी जवळ येऊन क्षणभर थबकतो, न्याहाळतो आणि पाण्यासकट ते तोंडात ओढतो. खोटे वाटले तर तितक्याच चपळाईने थुंकतो. वर बॉबरची आधी नुसती थरथर होते, मग तो तिरका होऊन बाजूला सरकू लागतो. त्या सरकण्याची वाट पाहावी आणि दांडीला मनगटाने हलकासा झटका द्यावा. हिसडा दिला तर गळ तोंडातून निसटतो. मासा हाती आला की ओल्या तळव्याने डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीवरचे काटे निजवून धरावा. उलट्या दिशेने धरणाऱ्याला ते काटे आपली ओळख स्वतःच करून देतात. गळ खोल गेला असल्यास लांब चिमट्याने दांडा पकडून मागे ढकलून काढावा.

कोणता मासा ठेवायचा, यावर बरेच अनुभवी गरवणारेही पुरेसा विचार करत नाहीत. अंड्यांवर पहारा देणारा नर सहसा त्या तळ्यातला सर्वांत मोठा आणि गळाला सर्वांत लवकर लागणारा असतो. त्याला उचलले की आजूबाजूचे मासे अंडी फस्त करतात. शिवाय असे मोठे नर सतत काढले गेले, तर लहान नर कमी वयातच प्रजननाला लागतात आणि त्यांची वाढ खुंटते. मग तळे बोटभर माशांनी भरून जाते. नारिंगी छातीचा मोठा नर म्हणूनच सोडावा आणि सहा-सात इंची मासे खाण्यासाठी घ्यावेत. अलाबामातल्या केटोना तलावात १९५० साली सापडलेला ४ पाउंड १२ औंसांचा ब्लूगिल आजही जागतिक विक्रम मानला जातो, यावरून वाढीला वाव केवढा आहे हे दिसते.

सोडायचा मासा त्याच पाण्यात सोडावा, बादलीतून दुसऱ्या तळ्यात कधीही नेऊ नये. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना शिकागोच्या महापौरांनी ब्लूगिल भेट दिले होते. त्यांची संतती पुढे बिवा सरोवरात पसरून स्थानिक माशांच्या मुळावर उठली, आणि सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ साली त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

ठेवलेले मासे बर्फात घालून आणावेत. एखाद्या तळ्यातले मासे किती खावेत याबाबत राज्याने सूचना काढलेली असू शकते, तीही पाहून ठेवावी. घरी आणल्यावर खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडावेत, पोट साफ करावे आणि दोन्ही बाजूंना तिरके छेद द्यावेत. रोहूच्या मांसातले ते बारीक, दुतोंडी काटे यात नसतात, त्यामुळे मुलांना निर्धास्त देता येतो; कडेचे आणि कण्याचे काटे तेवढे सांभाळावेत. हळद, तिखट, मीठ व कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवावा, मग रव्यात घोळवून लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटे तळावी. जूनमधल्या मादीच्या पोटात गाभोळी मिळाली, तर ती वेगळी काढून शेवटी त्याच तेलात परतावी.