मैत्रिणीच्या हातून औषधाची चूक झाली तर

ड्युटीवरची नर्स मैत्रीण "कुणाला सांगू नकोस" म्हणाली, तरी आधी पेशंटकडे जा. नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध तपासा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. इथे तिच्या होकाराची वाट पाहायची नसते.

मग तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा: "तू स्वतः वॉर्डच्या इन्चार्जना सांग, मी सोबत येते. ड्युटी संपायच्या आत सांगितलं नाहीस, तर मी सांगेन." स्वतःहून कबूल केलेल्या चुकीकडे बहुतेक वरिष्ठ वेगळ्या नजरेने पाहतात, ही संधी तिला द्याच.

या घटनेच्या रिपोर्टमध्ये वेळ, औषध, डोस, ते कसं दिलं आणि पेशंटची स्थिती एवढंच लिहा. "निष्काळजीपणा" हा शब्द नको, तो निष्कर्ष झाला. चार्टवर खाडाखोड करू देऊ नका: चुकीच्या नोंदीवर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर नोंद, तारीख, वेळ, सही. न दिलेला डोस दिला म्हणून लिहिला, तर औषध लागू पडत नाही असं समजून डॉक्टर मात्रा वाढवू शकतात. खरा धोका इथेच आहे.

मॉर्फिनचा (व्यसन लावू शकणारं तीव्र वेदनाशामक) उरलेला भाग टाकताना स्वतः पाहिला नसेल, तर साक्षीदार म्हणून सही करू नका. अशी सही ती वारंवार मागत असेल, तर व्यसनाची शंका घ्या आणि थेट वरिष्ठांकडे जा.