दोष क्वार्टरबॅकवर ढकलण्याआधी : हरलेला हंगाम कसा वाचायचा

नाशकात एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, बघणारे मोजकेच, पण वाढताहेत. यातल्या नव्या मंडळींचा संघ हरायला लागला की दोन-तीन आठवड्यांत त्यांचं निदान तयार असतं: क्वार्टरबॅक (फेक टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) बदला. माझा त्याला ठाम विरोध आहे. हरलेला हंगाम नीट वाचता येतो. त्यासाठी हा खेळ स्वतः खेळलेला असावा लागत नाही, की रोज रात्र जागवावी लागत नाही. एक वही घ्या आणि बॉलवरून नजर काढायची सवय लावा, बस. उदाहरण माझ्या संघाचं देते: शिकागो बेअर्स, हंगाम २०२४. आतेभाऊ शिकागोजवळ राहतो. त्याने लावलेला नाद आता पुरता माझा झाला आहे.

वहीत आधी सतराच्या सतरा सामने ओळीने उतरवा. तारीख, समोरचा संघ, गुण आणि शेवटच्या रकान्यात गुणांचा फरक. नुसतं जिंकले-हरले लिहून काही हाती लागत नाही. बेअर्सचे ५ विजय, १२ पराभव. पहिल्या सहातले चार जिंकले. १३ ऑक्टोबरला लंडनमध्ये जॅक्सनविलला ३५-१६ असं लोळवलं. मग ओळीने दहा हरले, आणि शेवटच्या सामन्यात ग्रीन बेला त्यांच्याच मैदानावर २४-२२ असं हरवलं. त्या दहा पराभवांचा फरकाचा रकाना वरून खाली वाचा: ३, २०, १६, १, ३, ३, २५, १८, १७, ३. पाच सामने तीन किंवा त्याहून कमी गुणांनी गेले, पाच सोळा किंवा त्याहून जास्त गुणांनी. अधलंमधलं काहीच नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांना एकाच नावाने हाक मारू नका.

थोडक्यात निसटलेल्या सामन्यांसाठी शेवटची दोन मिनिटं वाचायची. एनएफएलच्या साइटवर प्रत्येक खेळीची नोंद फुकट मिळते. प्रत्येक खेळीपाशी थांबून बघा: घड्याळात किती सेकंद आहेत, टाइमआउट (घड्याळ थांबवायच्या संधी) किती उरलेत, आणि हे माहीत असताना बाकावरच्यांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, काय ठरवलं.

वॉशिंग्टनचा सामना घ्या. आपल्याकडे तो सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास सुरू झाला. तारीख २८ ऑक्टोबर, वसुबारस. २५ सेकंद उरले असताना बेअर्सने १५-१२ अशी आघाडी घेतली. शेवटच्या खेळीत जेडन डॅनियल्सने लांब फेक टाकली, घोळक्यात बॉल कुणाच्या तरी हाताला लागून मागे उडाला आणि नोआ ब्राउनने एन्ड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुणांच्या पट्ट्यात, तो अलगद झेलला. ५२ यार्डांचा टचडाउन, १८-१५. आमच्या दारात तेव्हा आईचा सडा घालून झाला होता, ती रांगोळीला बसली होती, आणि मी आत मोबाइल हातात धरून नुसती बसले होते.

त्या दिवशी सगळ्यांनी एकच माणूस धरला: कॉर्नरबॅक (फेक झेलणाऱ्यांना अडवणारा बचावपटू) टायरीक स्टीव्हनसन. खेळी सुरू झाली तेव्हा तो प्रेक्षकांकडे तोंड करून हातवारे करत होता, आणि बॉल उडाला तोही त्याच्याच हाताला लागून. चूक मोठी होती, वादच नाही. पण वहीत एक ओळ वर जा. त्याच्या आधीच्या खेळीत वॉशिंग्टनला कडेला १३ यार्ड जवळपास विनाअडथळा मिळू दिले. बॉल त्यांच्या ३५ वरून ४८ वर आला आणि घड्याळात २ सेकंद उरले. ते १३ यार्ड दिले नसते तर ती फेक एन्ड झोनपर्यंत पोचवणंच मुश्कील होतं. तो निर्णय बाकावरचा. आणखी वर जा: त्याच चौथ्या क्वार्टरमध्ये एका यार्डावरून टचडाउन करण्यासाठी बॉल डग क्रेमर या लाइनमनच्या, म्हणजे एरवी फक्त अडवणाऱ्या खेळाडूच्या, हातात दिला आणि तो सुटला. रोज बॉल हाताळणारे खेळाडू संघात असताना असं का करावं, हे मला आजही पटलेलं नाही.

ग्रीन बे, १७ नोव्हेंबर, हार १९-२०. कैरो सँटोसचा ४६ यार्डांचा फील्ड गोल (गोलखांबांमधून मारायची तीन गुणांची किक) अडवला गेला. नोंद वाचलीत तर दिसेल, अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ आणि एक टाइमआउट हाताशी असताना आणखी जवळ जायचा प्रयत्न केला नाही. घड्याळ ३ सेकंदांवर येऊ दिलं. डेट्रॉइट, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, २०-२३. मध्यंतराला ०-१६ असे मागे असलेले बेअर्स शेवटी बरोबरीच्या फील्ड गोलच्या टप्प्यात आले होते. क्वार्टरबॅक पाडला गेला, अर्धा मिनिट चालतं राहिलं, पुढची खेळी सुरू झाली तेव्हा ६ सेकंद होते, आणि टाइमआउट खिशातच राहिला. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस यांना काढलं. १९२० साली स्थापन झालेल्या या क्लबने हंगामाच्या मध्यात मुख्य प्रशिक्षक काढण्याची ही पहिलीच वेळ. मला तो निर्णय योग्य वाटला, कारण वहीत तीन सामन्यांपुढे एकच कारण लिहिलेलं होतं.

आता मोठ्या फरकाचे पराभव. इथे शेवटची दोन मिनिटं वाचून उपयोग नाही, सामना त्याआधीच गेलेला असतो. इथे ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, बघायची.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ओतीव पार्ट सीएनसी मशीनवर बोअर होतो आणि आत ब्लो होल (धातूत अडकलेल्या हवेचं छिद्र) उघडं पडतं. रिजेक्शन दिसतं ते सीएनसीवर, म्हणून बोलणी खातो सीएनसीचा ऑपरेटर. पण ते छिद्र त्याच्या मशीनने पाडलेलं नसतं. फाउंड्रीत धातू ओततानाच ते आत राहिलेलं असतं. क्वार्टरबॅक हा तो ऑपरेटर. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसं असतात: मध्ये सेंटर, दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. ती फुटली की रिजेक्शन त्याच्या नावावर चढतं.

म्हणून रेकॉर्डिंग बघताना निदान एक क्वार्टर बॉलकडे बघूच नका. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने बॉल मागे दिला, की मधल्या तिघांवर नजर ठेवा आणि मनात सेकंद मोजा. दोनच्या आत कुणी क्वार्टरबॅकपाशी पोचला, तर वहीत ‘लाइन’ लिहा. तीन उलटून गेले आणि बॉल अजून हातात आहे, तर ‘क्वार्टरबॅक’ लिहा. मधल्या वेळेतलं असेल तर पुन्हा बघा. कुणी मोकळा होता का, धावणारा खेळाडू अडवायला थांबला का, हे तेव्हाच कळतं. अर्धा हंगाम असा तपासलात तरी टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा जास्त काही हाती लागेल.

बेअर्सचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स त्या हंगामात ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल हातात असतानाच पाडला गेला, लीगमध्ये सर्वांत जास्त. एका हंगामातला विक्रम डेव्हिड कारचा, २००२ मधला ७६. न्यू इंग्लंडविरुद्ध घरच्या मैदानावर एकट्या सामन्यात ९ सॅक, हार ३-१९. दोन दिवसांनी आक्रमणाची आखणी करणारे शेन वॉल्ड्रन यांना काढलं. सगळे ६८ लाइनच्या माथी मारायचे नाहीत. विल्यम्स बॉल फार वेळ धरून ठेवतो, काही सॅक सरळ त्याचे आहेत. तरीही पहिल्याच वर्षी, एवढा मार खाऊन, त्याने ३,५४१ यार्ड आणि २० टचडाउन केले आणि फक्त ६ इंटरसेप्शन (विरोधकांनी झेललेल्या फेकी) दिली. ज्या संघाच्या एकाही क्वार्टरबॅकने तोवर एका हंगामात ४,००० यार्ड गाठलेले नव्हते, त्या संघात या पोराला ‘बेकार’ म्हणणं मला मान्य नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ बदललं की साडेअकराला. दुसरी खेप पहाटे दोनच्या सुमाराची, पुढे तीनची. सोमवारी पहिली पाळी असेल तर दुसऱ्या खेपेच्या नादी लागू नका. झोपताना स्कोअरचे नोटिफिकेशन बंद करा, सगळे ग्रुप म्यूट करा आणि संध्याकाळी घरी आल्यावर चाळीस मिनिटांची संक्षिप्त आवृत्ती बघा. मधला रिकामा वेळ त्यात काढून टाकलेला असतो. उलट रविवार रात्रीचे, सोमवारचे आणि गुरुवारचे सामने आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहा-सहाला, तिकडे घड्याळ बदललं की पावणेसात-सातला लागतात. नाशिकच्या थंडीत, चहा घेऊन, निम्मा सामना तरी निवांत बघून होतो.

उन्हाळ्यात वही मिटू नका. क्लबने दुरुस्ती नेमकी कुठे केली, हे तुमच्या नोंदींशी ताडून बघा. २०२५ मध्ये बेअर्सने डेट्रॉइटच्या आक्रमणाची आखणी करणारे बेन जॉन्सन यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं. लाइनच्या मधल्या तिन्ही जागा नव्याने भरल्या: कॅन्सस सिटीकडून जो थूनी, लॉस एंजेलिस रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाकडून सेंटर ड्रू डालमन. घड्याळाचं दुखणं एकीकडे, लाइनचं दुसरीकडे, दोन्हींवर हात घातला. नुसता नवा रिसीव्हर (फेक झेलणारा) आणून गाजावाजा केला असता तर मला काळजी वाटली असती.

२०२५ च्या हंगामाचा पहिला सामना घरच्या सोल्जर फील्ड मैदानावर मिनेसोटाविरुद्ध होता. आपल्याकडे मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५, पहाटे पावणेसहा. अनंत चतुर्दशी ६ तारखेला झाली होती, म्हणजे विसर्जनाची दगदगही उतरलेली होती. त्याचं रेकॉर्डिंग लावा, पहिल्या क्वार्टरमध्ये नजर डालमनवर ठेवा आणि सेकंद मोजायला लागा.