'संशोधनात सिद्ध झालं' असा फॉरवर्ड आला की आधी काय बघायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा एकाच सकाळी दोन मेडिकल बातम्या आल्या. एक म्हणे डॉक्टर-मशीन काही नको, नुसत्या हाताने तपासणी केली तरी ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी, आणि दुसरी म्हणे ॲस्पिरिनने रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढतो, त्यावर आत्याने लगेच विचारलं, "मग माझी रात्रीची छोटी गोळी बंद करू का गं?" गंमत म्हणजे दोन्ही बातम्या खोट्या नाहीत. लोचा आहे तो जे लिहिलेलं नाही त्यात.

पहिली गोष्ट, टक्के दिसले की विचारायचं, किती जणांत किती? ॲस्पिरिनचा तो आकडा ॲस्प्री नावाच्या अभ्यासातला, २०१८ साली छापून आलेला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९ हजारांवर म्हातारी माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पावणेपाच वर्षांत गंभीर रक्तस्राव झाला तो ॲस्पिरिनवाल्यांत ३.८ टक्के लोकांना आणि दुसऱ्या गटात २.८ टक्के. म्हणजे शंभरात साधारण एक माणूस जास्त. ३८ टक्के म्हटलं की धडकी भरते, शंभरात एक म्हटलं की नीट विचार करता येतो, आकडा तोच.

दुसरं, अभ्यासात कोण होतं? हे न बघता लोक गोळ्या बंद करतात आणि मला याचाच जास्त राग येतो. ॲस्प्रीमधे हार्टचा आजार किंवा स्ट्रोक झालेले लोक घेतलेच नव्हते. धडधाकट माणसाने उगाच ॲस्पिरिन खाऊन फायदा होतो का एवढंच बघायचं होतं आणि उत्तर आलं, नाही. आत्याला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलाय, म्हणजे ही बातमी तिच्यासाठी नाहीच, तिने मनाने गोळी सोडली तर स्टेंटमधे गुठळी व्हायची भीती, ती सोडायची की नाही ते हार्टचे डॉक्टरच सांगणार.

तिला खरी काळजी वेगळ्याच गोळीची हवी. गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेते, चिठ्ठी नाही काही नाही. ॲस्पिरिन आणि अशी पेनकिलर एकत्र आली की पोटातून रक्त जायचा धोका वाढतो, वय जास्त असेल, आधी अल्सर झाला असेल किंवा स्टिरॉइड चालू असेल तर अजूनच. "मी जेवून घेते ना" हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. पण पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारे पदार्थ शरीरात बनतात तेच ही औषधं रक्तातून जाऊन बंद करतात, म्हणून इंजेक्शन घेतलं तरी अल्सर होऊ शकतो. संडासला डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते घरी बसून ठरवू नका.)

तिसरं म्हणजे मोजलं काय? "लवकर सापडला" आणि "जीव वाचला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाई लोकलमधे कल्याणला चढली काय आणि त्याच्या बरंच आधीच्या कर्जतला चढली काय, गाडी सीएसएमटीला त्याच वेळी पोचणार, प्रवास तेवढा लांबलेला दिसतो. आजार आधी सापडला की निदानानंतरची वर्षं आपोआप जास्त दिसतात. म्हणून मृत्यू कमी झाले का तेच बघायचं.

हाताच्या तपासणीची बातमी आपल्या मुंबईचीच आहे, टाटा मेमोरियलची. १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायका, निम्म्यांची दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी तपासणी केली, आणि सुरुवातीपासून धरून एकूण वीस वर्षं पाठपुरावा, जे सोपं काम नाही. २०२१ ला निकाल आला. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेले कॅन्सर ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के. मृत्यू पन्नाशीच्या पुढच्या बायकांत जवळपास ३० टक्क्यांनी कमी, म्हणजे वर्षाला लाखामागे साधारण ३५ ऐवजी २५. पन्नाशीच्या आत मात्र तसा ठोस फायदा दिसला नाही, आणि फॉरवर्डमधून नेमकं हेच गळालेलं.

आणि हे स्वतः आरशासमोर तपासण्याबद्दल नाही हां. तो प्रयोग शांघायमधे झाला, कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर, स्वतः तपासायला शिकवलेल्या गटात ब्रेस्ट कॅन्सरचे १३५ मृत्यू आणि न शिकवलेल्या गटात १३१, उलट कॅन्सर नसलेल्या साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) वाढल्या. पण म्हणून हाताला गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आलं किंवा कातडी आत ओढल्यासारखी दिसली तर गप्प बसायचं असं नाही, महिन्याभराने बघू पण नाही.

आत्याला शेवटी एवढंच सांगितलं की घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे ने, नावं लिहू नकोस, स्ट्रिपच ने. सहा निघाल्या. त्यातल्या दोन एकाच पेनकिलरच्या, कंपनी तेवढी वेगळी, आणि ती दोन्ही घेत होती.