अठरा तासांचं टाइमटेबल

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जून-जुलैच्या संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन ओट्यावर टेकतं. "ताई, जर्मनीचं जरा विचारायचं होतं." एपीएस म्हणजे पदवीच्या कागदांची पडताळणी, ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, व्हिसाची तारीख, यातलं ताजं काय ते त्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मी त्यांना माझं पहिल्या सेमेस्टरचं टाइमटेबल दाखवते. ते पान मी अजून ठेवलंय. आठवड्याला बारा तासिका, प्रत्येक दीड तासाची. म्हणजे अठरा तास. बुधवार पूर्ण कोरा. शुक्रवारी जेवणानंतर काही नाही.

बघणारा प्रत्येक जण खूश होतो. "बस, एवढंच?" मीही अशीच खूश झाले होते. त्या कोऱ्या बुधवारानं पुढे माझं एक अख्खं सेमेस्टर गिळलं, म्हणून हे लिहायला बसले.

मी मेकॅनिकलची. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीतून बी. ई. केलं आणि मास्टर्सला ड्रेस्डेनला गेले. इथे आपल्याला कोणीतरी सतत हाकत असतं. हजेरी, मिड-सेम, जर्नलवर सही, इंटर्नलचे मार्क. त्याचा कंटाळा येतो, पण त्या धाकानं अभ्यास थोडा थोडा होत राहतो. तिकडे माझ्या सहापैकी पाच विषयांत सेमेस्टरभर काहीच नव्हतं. हजेरी नाही, टेस्ट नाही, सबमिशन नाही. फेब्रुवारीत एक लेखी परीक्षा, तिला क्लाउझूर म्हणतात, आणि सगळे मार्क तिच्यावर. ऑक्टोबर ते जानेवारी तुम्ही पुस्तक उघडलं की नाही, हे विचारायला कोणी येत नाही.

एक आठवडा सांगते. नोव्हेंबरचा शेवटचा.

सोमवारी पहिली तासिका साडेसातला. त्या दिवसांत तिथे सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो, म्हणजे ट्राममध्ये बसायचं ते अंधारातच. दीडशे मुलांचा हॉल. प्रोफेसर नव्वद मिनिटं न थांबता शिकवतात, आणि संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर मुठीनं टकटक करतात. पहिल्या दिवशी मी दचकले होते. दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत जेवण. शाकाहारी ताट रोज मिळतं, आईला सांगा काळजी करू नको.

मंगळवारी युबुंग. हा शब्द नीट लक्षात ठेवा. लेक्चरमध्ये थिअरी होते आणि युबुंगमध्ये गणितं सोडवतात. काही विषयांची युबुंग एक आठवडा आड असते, सम आठवडा आणि विषम आठवडा. तो हिशेब मला लागेपर्यंत दोन हुकल्या. हुकल्याचं फारसं वाटलंही नाही, कारण युबुंगला जायची सक्ती नसते आणि मी तिला आपल्याकडच्या ट्युटोरियलसारखं धरलं होतं. तसं धरू नका. पेपर युबुंगमधून येतो. लेक्चरच्या स्लाइड तोंडपाठ असल्या तरी गणित हातानं सोडवलेलं नसेल तर दोन तासांच्या पेपरात हात चालत नाही.

मग बुधवार. त्या आठवड्यात श्ट्रित्सेलमार्क्ट उघडलं होतं. ड्रेस्डेनचा हा नाताळबाजार १४३४ पासूनचा आहे. साखरेत भाजलेल्या बदामांचा वास, श्टोलेन नावाचा सुक्या मेव्याचा जड केक, हातात गरम पेयाचा मग. त्या मगचं डिपॉझिट घेतात आणि मग परत दिला की पैसे परत देतात. हॉस्टेलवरच्या दोन मैत्रिणींबरोबर दुपारपासून रात्रीपर्यंत तिथेच होते. मध्ये फ्राउएनकिर्शंपाशी गेलो. १९४५च्या फेब्रुवारीत बॉम्बहल्ल्यानंतर कोसळलेलं हे चर्च २००५ साली पुन्हा उभं राहिलं. ढिगाऱ्यातून निघालेले जुने काळे दगड नव्या फिकट दगडांमध्ये बसवलेत, लांबूनही वेगळे दिसतात. मी बराच वेळ एकेक काळा दगड शोधत उभी होते. त्या दिवसाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण असे बुधवार किती गेले, ते मोजलं तेव्हा वाईट वाटलं.

आता तो हिशेब. कंटाळा आला तरी वाचा, आणि शक्य असेल तर कागद घेऊन बसा.

जर्मनीत एका सेमेस्टरला साधारण ३० क्रेडिट घ्यायचे असतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ३० धरा. ३० गुणिले ३०, ९०० तास. मला हा आकडा माहीत होता, एसओपी, म्हणजे प्रवेशासाठीचं निवेदन, लिहिताना कुठेतरी वाचलाही होता, पण तो कागदावरचा आकडा आहे असं समजून सोडून दिला होता. प्रत्येक विषयाचं पान मॉड्यूल हँडबुकमध्ये असतं, ते उघडा. माझ्या पाच क्रेडिटच्या विषयापुढे लिहिलं होतं: वर्गात ४५ तास, स्वतः १०५ तास. असे सहा विषय. वर्गात २७० तास, म्हणजेच आठवड्याला अठरा तासांचं ते टाइमटेबल, पंधरा आठवडे. आणि स्वतः ६३० तास. हे ६३० तास टाइमटेबलावर कुठेच छापलेले नसतात. तुम्हाला दिसतात फक्त अठरा, आणि उरलेला आठवडा आपला वाटतो.

आणखी बारीक करून सांगते. ४५ला १०५, म्हणजे वर्गातल्या दीड तासामागे घरचे साडेतीन तास. सोमवारी साडेसातची एक तासिका झाली की साडेतीन तासांचं देणं डोक्यावर चढलं. दुसरी झाली की सात. आठवड्याच्या बारा तासिकांचे बेचाळीस. ते त्याच आठवड्यात फिटले नाहीत तर पुढे जातात. लेक्चर संपून परीक्षा सुरू होईपर्यंत आणि परीक्षांच्या दरम्यान मिळून समजा चार आठवडे हाताशी आहेत आणि तुम्ही सगळं तेव्हासाठी ठेवलंय. ६३० भागिले २८ दिवस. दिवसाला साडेबावीस तास. हा भागाकार मी जानेवारीच्या अखेरीस केला, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मला उलटी झाली.

घाबरवायला हे सांगत नाही. बेचाळीस अधिक अठरा म्हणजे आठवड्याला साठ तास, असं कोणी करत नाही. नाताळाची सुट्टी आहे, फेब्रुवारी-मार्च आहे, बी. ई.त झालेला थोडा भाग पुन्हा येतो. २३ आठवड्यांवर पसरलं तर सगळं मिळून आठवड्याला चाळीसच्या आतबाहेर पडतं, म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाइतकं. जमतं. माझ्यापेक्षा साध्या मुलांना जमलेलं मी पाहिलंय. फक्त ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावं लागतं.

गुरुवारी तीन तासिका आणि संध्याकाळी घाईघाईत चित्रसंग्रहालय. तिथे राफाएलची सिस्टीन मॅडोना आहे. लहानपणी कमाटी बागेतल्या पिक्चर गॅलरीत बाबांचा हात धरून मोठमोठी युरोपियन चित्रं बघितलेली, त्यामुळे त्या दालनात मला परकं वाटलं नाही. शुक्रवारी सकाळी लॅब, दुपारी डाळ-तांदूळ, धुणं.

शनिवारी बास्टाइ, म्हणजे नदीकाठचे उंच सुळके. एस-वन ही लोकल एल्बे नदीच्या काठाकाठानं जाते. कुरोर्ट राटेनला उतरायचं आणि फेरीबोटीनं नदी ओलांडायची. ही बोट इंजिनावर चालत नाही. लांब दोराला बांधलेली असते, तिला तिरकं करतात आणि नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. मी ती उतरून पुन्हा बसले, नुसतं दोराचा कोन बघायला. मग चढण, आणि वर वालुकाश्माच्या सुळक्यांमधून १८५१ साली बांधलेला दगडी पूल, नदीपासून खूप उंच.

तिथून जवळ लोहमेन नावाचं गाव आहे. तिथे जाऊन यायचंच, असं बाबांनी निघतानाच बजावलं होतं. जी. एच. क्रुम्बिगेल हा बागांचा जाणकार १८६५ साली त्या गावात जन्मला, आणि १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्याला आला. बडोदा राज्याच्या बागा त्याच्या हाताखाली होत्या. पुढे तो बंगलोरला गेला, लालबागेमुळे तिकडचे लोक त्याला ओळखतात. आमचे बाबा रोज पहाटे कमाटी बागेत फिरायला जातात, त्यांना हा माणूस घरातला वाटतो. लोहमेनच्या रस्त्यावर उभी राहून मी त्यांना फोन लावला. काही मिनिटं ते बोललेच नाहीत, नुसता कॅमेरा इकडे फिरव, तिकडे फिरव. त्या ऑक्टोबरात मी गरब्याचे व्हिडिओ बघून उशीत तोंड खुपसून रडले होते. त्या शनिवारनंतर ते थांबलं. म्हणून मी कोणालाच हिंडू नका असं सांगत नाही. शनिवार सोडू नका.

रविवारी दुकानं बंद असतात, सुपरमार्केटसुद्धा. दूध-भाजी शनिवारीच आणा. तिकडचे साडेचार म्हणजे बडोद्याचे रात्रीचे नऊ, आणि नोव्हेंबरात तोवर दोन्हीकडे अंधार झालेला असतो. आमचा फोन त्या वेळेला. आई विचारायची, "अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणायचे, "बरा." खोटं नव्हतं, मला खरंच तसं वाटत होतं.

फेब्रुवारीत सहापैकी दोन विषय गेले. तिकडे १.० सर्वात वरचा, ४.० ला काठावर पास, आणि ५.० नापास. निकाल सांगितल्यावर आईला वाटलं, पाच म्हणजे छानच. तिला उलगडून सांगावं लागलं. बी. ई.त माझी एकही केटी नव्हती, कधी विषय राहिला नव्हता. बहुतेक ठिकाणी एका विषयाला एकूण तीन प्रयत्न असतात, तिसरा गेला की विद्यापीठातून नाव काढतात आणि त्या पाठोपाठ व्हिसाचा प्रश्न येतो. माझा एक प्रयत्न संपला होता. ते दोन विषय झाल्याशिवाय थीसिस घेता येईना, म्हणून मुक्काम सहा महिने वाढला. व्हिसासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो धरायला लागले, त्यावरून सहा महिन्यांचा अंदाज करा. बाबांनी एफडी मोडली. हे लिहितानाही मला जड जातं.

नापास झाल्यावर एक गोष्ट मी बरोबर केली. तपासलेला पेपर बघायला मिळतो, त्याला क्लाउझूर-आइनझिष्ट म्हणतात, ठरलेल्या दिवशी जाऊन बसायचं. पुष्कळ मुलं लाजेनं जात नाहीत. जा. माझा थिअरीचा भाग जवळजवळ पूर्ण बरोबर होता आणि मार्क गेले होते ते सगळे हुकलेल्या युबुंगमधल्या प्रकारच्या गणितांवर. असिस्टंटनं तिथेच विचारलं, "तुम्ही शंका विचारायच्या वेळेत कधी आला नाहीत?" त्या वेळेला श्प्रेखश्टुंडं म्हणतात, मेल करून जायचं असतं. मला वाटायचं, प्रोफेसरांचा वेळ कसा घ्यायचा. तो वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेला असतो. नापास व्हायच्या आधी जा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडवलेल्या जुन्या पेपरांच्या पीडीएफ फिरतात, त्या उघडू नका. मी पाठ केलेल्या पीडीएफमध्ये दोन उत्तरं चुकीची होती आणि मी ती तशीच लिहून आले. कोरे जुने पेपर मात्र मिळवा, विद्यार्थी परिषदेकडे, म्हणजे फाखशाफ्टकडे बरेचदा असतात, आणि घड्याळ लावून सोडवा. आणि सल्ला कोणाचा घ्यायचा? "तिकडे अभ्यास कमी, फिरणं जास्त" असं मला एका कन्सल्टंटनं फी घेऊन सांगितलं होतं. हुशार सिनियरलाही विचारू नका, त्याला का जमलं ते त्यालाच नीट ठाऊक नसतं. एखादा विषय राहून मग सुटलेला सिनियर शोधा. तो तुम्हाला तारखांसकट सांगेल.

तारखांवरून आठवलं. परीक्षेसाठी नाव वेगळं नोंदवावं लागतं. विषयाला बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही. पोर्टलवर मुदत असते, ती गेली की गेली. नाव काढून घ्यायचीही मुदत असते आणि तयारी नसेल तर वेळेत काढून घेतल्यानं प्रयत्न वाचतो. तुमच्या विद्यापीठाचे परीक्षेचे नियम पहिल्या महिन्यात एकदा पूर्ण वाचा, भाषांतराचं ॲप लावून का होईना.

दुसऱ्या सेमेस्टरपासून बुधवारी सकाळी नऊला मी त्सेलेशर वेग या रस्त्यावरच्या ग्रंथालयात जाऊन बसायची, सहापर्यंत. मंगळवारची युबुंग कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायची, मग सोमवारचं. पहिले तीन बुधवार भयंकर गेले. चौथ्यापासून वर्गात प्रोफेसर काय म्हणतायत ते कळायला लागलं, आणि त्या कळण्याचा आनंद बाजारातल्या संध्याकाळीपेक्षा कमी नव्हता. ऑगस्टमध्ये त्या दोन विषयांचे निकाल लागले तेव्हा घरी फोन केला. बाबांनी आधी विचारलं, "आकडा लहान आहे ना?" दोन पॉइंट सात आणि तीन पॉइंट शून्य. हो, लहान होता.

परवा वाडीतला एक मुलगा आला होता. सप्टेंबरअखेर केम्नित्सला निघतोय, मेकॅनिकलचाच. माझं टाइमटेबल बघून त्यानंही "एवढंच?" म्हटलं. मी त्याला त्याच्या विषयांचं मॉड्यूल हँडबुक उघडायला लावलं. क्रेडिट, वर्गातले तास, घरचे तास. ओट्यावर बसून त्यानं वहीत आठवडा आखला आणि कोऱ्या जागा पेन्सिलीनं भरल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवारची दुपार. शनिवारी पोचल्यावर तो थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत बाबा आतून म्हणाले, "तिथे लोहमेन लिही."