जिनिंगच्या वहीत काय लिहावे, काय नाही

हिंगणघाट किंवा वणीच्या परिसरात लहान जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना, चालवणाऱ्यांनी व्यवहाराला एकच कसोटी लावावी: पैसा, माल किंवा देणे-घेणे यांपैकी काही बदलले की नोंद झालीच पाहिजे. फोनवर भाव ठरला, पण कापसाची गाडी काट्यावर आली नाही, तर तो सौदा डायरीतच ठेवावा. काटापावती, म्हणजे वजनाची पावती, फाडून दिली, की पैसे पंधरा दिवसांनी द्यायचे असले तरी खरेदी त्याच तारखेला लिहावी. हमालाला दिलेली उचल खर्चात टाकू नये. ती येणे बाकी आहे.

दुखापतीच्या बाबतीत मात्र हात अजिबात आखडता घेऊ नये. अपघातामुळे कामगाराला 48 तास किंवा त्याहून अधिक काळ काम करता येत नसेल, तर कायद्याच्या कक्षेतील कारखान्याने तो संबंधित अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. माझ्या मते, रोलरजवळ साधे खरचटले तरी वेळ, यंत्र आणि साक्षीदार यांसह ते त्याच पाळीत लिहावे, कारण जखम चार दिवसांनी चिघळली, तर भरपाईच्या वेळी त्या गरीब माणसाला याच नोंदीचा आधार असतो. जखमी कामगार ठेकेदाराचा आहे, म्हणून त्याची नोंद कधीही वगळू नये.