लाईटबिल कमी करायचंय? आधी स्वतःचा मीटर बघा

बिल कमी करायचं म्हटलं की सगळे एकच सांगतात, दिवे बंद करा. पण नाशिकच्या सिडकोतल्या वन बीएचकेत दोघंच राहतात आणि गंगापूर रोडच्या बंगल्यात बोअरची मोटर चालते, दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल? म्हणून आधी आपल्या घरात वीज जाते कुठे ते शोधा.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात ते बघा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच पडते, तेव्हा युनिट वाढले असतील तर बहुतेक गीझर, एप्रिल-मेमध्ये वाढले तर पंखे, कूलर, एसी, आणि बारा महिने सारखेच जास्त असतील तर फ्रीज नाहीतर रात्रंदिवस चालू राहणारं काहीतरी.

ते काहीतरी पकडायचं असेल तर रात्री सगळं बंद करा, फ्रीजचा स्विचसुद्धा पाच मिनिटं, आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरपाशी उभे राहा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी किती इम्पल्सला, म्हणजे किती वेळा लुकलुकल्यावर, एक युनिट ते लिहिलेलं असतं. ३२०० असेल तर ११२५ ला दोन लुकलुकीतल्या सेकंदांनी भागा, उत्तर येईल तेवढे वॅट चालू आहेत. आमच्याकडे २५ सेकंद आले, म्हणजे ४५ वॅट, आणि मला वाटत होतं सगळं बंद आहे! सेटटॉप बॉक्सचा प्लग काढला तर ३८ सेकंद झाले, म्हणजे तो डबा एकटा १५ वॅट खात होता, महिन्याला जवळपास ११ युनिट, टीव्ही बंद असताना. आता झोपताना बोर्डावरचं बटण बंद करतो.

गीझर २००० वॅटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट, त्यामुळे आंघोळी एकामागोमाग एक उरका, सकाळभर चालू ठेवू नका. पंखे सगळे एकदम बदलायची घाई नको, ज्या खोलीत आजी-आजोबा दिवसभर बसतात तिथला आधी बदला, जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, साधारण ३०, रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. एसी असेल तर २४ वर ठेवून पंखा लावा.

आणि हो, १०० युनिटच्या पुढचा दर बराच चढा असतो, तुम्ही ११०-१२० वर असाल तर एवढ्यातच खाली याल. फरक बघताना मागच्या महिन्याशी नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.